कुंडीसकट

ऑपरेशन थिएटरातल्या लोकांनी त्यांचं नाव निजवे पाडलं होतं. माणसाला झोपवणं हाच त्यांचा धंदा, म्हणून निजवे. अडतीस वर्षं ते एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. भूल या शब्दाचे दोन अर्थ होतात ही कोटी कुणी करायच्या आत तेच करून मोकळे व्हायचे. समोरचा हसणारच असेल तर आपणच आधी हसून घ्यावं, म्हणजे कमी लागतं, असा त्यांचा हिशोब. निवृत्तीनंतर तर या हिशोबाची रोजच गरज पडू लागली, कारण त्यांनी बाग करायला घेतली.

घराच्या मागे बऱ्यापैकी मोकळी जागा होती. ऊन मात्र असं की वर्षातले आठ महिने दुपारी मागच्या पायरीवर अनवाणी उभं राहायची सोय नव्हती. निजवेंनी तिथं आधी हिरवळ लावली. एका उन्हाळ्यात ती जुन्या पायपुसण्यासारखी झाली. मग गुलाब आणले. गुलाबांनी फारसा त्रास न देता, एकामागून एक, सभ्यपणे माना टाकल्या. निजवेंच्या पत्नी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की पुढे सिद्ध करायला काही उरायचं नाही. त्यांनी खिडकीतून गुलाबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इथं जे आपणहून येतं ते लावा. बाहेरून पाहुणे आणून त्यांना उन्हात का बसवताय?"

म्हणून दोघं एका नर्सरीत गेले. ही नर्सरी फक्त इथल्या मातीतली झाडंझुडपं विकायची. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हाताला कायम माती लागलेली आणि बोलण्यात साखर अजिबात नाही. निजवे रांगेतून फिरता फिरता एका काटेरी झुडपापाशी थांबले. त्यावर पाटी होती : काटेकोरांटी, पिवळी फुलं, अस्सल इथली. किंमत वाचून निजवेंच्या मनात आदर उत्पन्न झाला. ते कौतुकानं वाकून बघू लागले.

पत्नीनंही वाकून बघितलं. "आपण घर घेतलं तेव्हा मागच्या भिंतीपाशी हेच होतं ना? भिंतभर. तुम्ही दोन माणसं लावून मुळासकट काढून घेतलंत."

निजवेंना ते आठवलं. नुसतं आठवलं नाही, तर त्या दिवशी आपण कमरेवर हात ठेवून 'एकही मूळ राहता कामा नये' असं म्हणालो होतो, हेही आठवलं. शेजारी अडुळसा होता, तोही गेला होता. त्यांनी आवाज खाली आणून पत्नीला विचारलं की हे इथं बोलायलाच हवं होतं का.

पण बाईंच्या कानावर गेलंच होतं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. लोक आधी उपटून टाकतात आणि मग विकत घ्यायला येतात, त्यावरच आपलं पोट चालतं, असं त्या सरळ म्हणाल्या. निजवेंनी काटेकोरांटी घेतली, अडुळसा घेतला, निळसर तुऱ्यांची निर्गुडी घेतली आणि लाल फुलांनी फांद्या मढवणारी धायटी घेतली. प्रत्येकाची दोन-दोन रोपं. निघताना बाईंनी सांगितलं, "पहिले पंधरा दिवस पाणी द्या. मग आठवड्यातून एकदा. खत नको. मधे विसरलात तरी बिघडत नाही."

निजवेंनी मान डोलावली, पण सल्ला काही आत गेला नाही. विसरा, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. पेशंटच्या उशाशी बसून आकड्यांवरची नजर न हलवता त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. सर्जन कापतो, शिवतो, गाणं गुणगुणतो, शेवटी हातमोजे काढून निघून जातो; भूल देणारा मात्र पेशंट डोळे उघडेपर्यंत जागचा हलत नाही. आठवड्यातून एकदा ही सूचना सर्वसामान्य माणसांसाठी असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बागेचा वॉर्ड झाला. आठ रोपं, आठ नंबर. निजवेंनी कागद अडकवायचा चिमट्याचा एक पाठपुठ्ठा आणला, त्यावर तक्ता लावला : तारीख, वेळ, पाणी, पानांचा रंग, सर्वसाधारण प्रकृती. सकाळी एक राउंड, संध्याकाळी एक. दुपारी उन्हाचा त्रास नको म्हणून हिरवी जाळी. आठव्या दिवशी तीन नंबरच्या धायटीचं एक पान पिवळं पडलं. निजवेंनी पाणी वाढवलं. तीन पानं पिवळी पडली. त्यांनी आणखी वाढवलं. मुळं कुजली की पान पिवळं पडतं आणि तहान लागली तरी पान पिवळंच पडतं, ही निसर्गानं केलेली फसवणूक त्यांना फार उशिरा कळली. धायटी गेली. तिच्यामागून काटेकोरांटी गेली. अडुळशानं एक आठवडा तग धरला. निर्गुडी मूळची ओढ्याकाठची, तिला पाण्याचं वावडं नव्हतं. तिला त्यांनी खत घालून मारलं.

ते पुन्हा नर्सरीत गेले आणि आठ रोपं घेऊन आले. पहिली खेप धरून, पावसाळा आणि हिवाळा मिळून असे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी बाईंनी चौकशी केली, तेव्हा आपल्या एका मित्राला भेट द्यायचीत असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या की मित्राला म्हणावं, पाणी कमी घाल.

चोवीस मृत्यू. तक्त्यावर प्रत्येकापुढे त्यांनी तारीख घातली होती. एवढे पेशंट तर अख्ख्या नोकरीत त्यांच्या टेबलावर दगावले नव्हते. पत्नीनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि पाठपुठ्ठा परत खिळ्याला अडकवला. "नशीब, माणसांना ठरावीक वेळेनंतर तुम्ही सोडून देत होतात," एवढंच त्या म्हणाल्या.

आता यात सर्जनचा संबंध कसा आला ते सांगायला हवं. निजवेंनी ज्यांच्यासोबत तीस वर्षं काम केलं ते हे सर्जन. टेबलाच्या एका टोकाला हा, मधोमध तो. दोघांचं भांडण रोजचं आणि मैत्री न बोललेली. सर्जन निजवेंच्याही आधी, मुदतीपूर्वी दोन वर्षं, निवृत्त झाले होते. कंटाळा आला म्हणाले. त्यांच्यासारख्या हाताच्या माणसाला कंटाळा यावा याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं, पण विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हती.

एका सकाळी त्यांचा फोन आला. काय चाललंय म्हणाले. निजवेंपुढे खिळ्याला लटकलेला तक्ता होता. खरं सांगायचं तर 'अंत्यविधी' असं उत्तर द्यायला हवं होतं. पण जन्मभर ज्याच्याशी बरोबरी केली त्याला असं उत्तर देववत नाही. निजवे म्हणाले की बाग केलीय, सगळी इथलीच झुडपं, आणि आता काय सांगू, नुसती बहरलीय. बोलता बोलता त्यांना जोर चढला. धायटीवर पाखरं कशी झुंबड करतात तेही त्यांनी वर्णन करून सांगितलं. सर्जन बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मग बघायलाच येतो. सगळ्यांना घेऊन येतो."

सगळ्यांना म्हणजे थिएटरातली जुनी मंडळी : दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय म्हणून लागून सुपरवायझर होऊन निवृत्त झालेला, आणि निजवेंची जुनी साहाय्यक. रविवार ठरला. फोन ठेवल्यावर निजवेंना स्वतःच्याच नाडीचा ठोका मोजावासा वाटला.

शनिवारी ते टेम्पो घेऊन नर्सरीत गेले आणि कमरेएवढी वाढलेली, फुलांवर आलेली नऊ झुडपं उचलली. बाईंनी सांगितलं की एवढी मोठी झाडं जमिनीत नीट लावायची तर दोन दिवसांचं काम आहे, मूळ मोकळं करावं लागतं. निजवेंकडे दोन दिवस नव्हते. त्यांनी संध्याकाळपर्यंत खड्डे खणले, कुंड्यांसकट झुडपं आत उतरवली आणि काठावर माती सारखी करून घेतली. धायटी लालभडक दिसत होती. पत्नी मागच्या दारात उभ्या होत्या. निजवे म्हणाले, कसं दिसतंय. त्या म्हणाल्या, "दिसतंय खरं."

रविवारी मंडळी आली. कौतुक झालं. सिस्टरांनी धायटीजवळ उभं राहून फोटो काढले. साहाय्यक बाईंनी विचारलं की वर्षभरात एवढी वाढ कशी. निजवे म्हणाले, निगा. हा शब्द उच्चारताना त्यांना लाज वाटली असं म्हणावं तर तसं नाही. ती दहा मिनिटांनी वाटली. तोवर ते खुशीत होते. निर्गुडीची माहिती देत होते, अडुळशाच्या पांढऱ्या फुलाला सिंहाच्या जबड्यासारखा आकार असतो हे बोटांनी दाखवत होते.

सर्जन मात्र दोन्ही हात पँटच्या खिशात घालून झुडपांमधून चालत राहिले. धायटीपाशी येऊन वाकले. गुडघे धरलेले, त्यात जमीन ओली, कारण निजवेंनी सकाळी सवयीनं पाणी मारलं होतं. सर्जनचा पाय सरकला. तोल सावरायला त्यांनी खिशातून हात काढून बुंधा धरला आणि धायटी अलगद, काही तक्रार न करता, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीसकट जमिनीतून वर आली. कुंडीवर नर्सरीची चिठ्ठी होती.

सर्जन ती कुंडी हातात धरून उभे होते. मग ते म्हणाले, "मी आयुष्यात पुष्कळ पोटं उघडली. पण आत कुंडी सापडली नव्हती."

सगळ्यांत आधी सुपरवायझर हसला, मग दोघी सिस्टर, आणि मग निजवे स्वतः पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. हसताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. चोवीसचा आकडा सांगितला. तक्ता आणून दाखवला. साहाय्यक बाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि 'सर्वसाधारण प्रकृती : खिन्न' या नोंदीला सगळे परत हसले. स्वतःच्या फजितीची गोष्ट निजवे छान सांगायचे आणि त्या दिवशी त्यांनी ती सर्वांत छान सांगितली. पण सांगत असताना त्यांची नजर सर्जनच्या हातांवर गेली आणि तिथंच राहिली.

कुंडी थरथरत होती. धायटीची लाल फुलं टपटप गळत होती. इतरांना वाटलं सर्जन हसून हलताहेत. निजवेंनी ते हात तीस वर्षं रोज पाहिले होते. हसताना, रागावताना, पाच तास उभं राहिल्यावर ते कसे असतात हे त्यांना ठाऊक होतं. हे हसणं नव्हतं. निजवे उठले, कुंडी वजनदार असल्याचं काहीतरी म्हणाले आणि त्यांच्या हातातून काढून घेतली. सर्जननी हात परत खिशात घातले.

चहा झाला, मंडळी निघाली. सर्जन म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी याला खड्डे बुजवायला मदत करतो. दोघं मागच्या पायरीवर बसले. खड्डे कुणी बुजवले नाहीत.

"कधीपासून?" निजवेंनी विचारलं.

"नोकरी सोडायच्या आधी चार महिने. उजवा आधी, मग डावा."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू टेबलाच्या त्या टोकाला. तुला दिसलं असणार असं वाटत होतं."

निजवेंना दिसलं नव्हतं. पेशंटचा श्वास, रक्तदाब, ठोके, सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या माणसानं समोर उभ्या असलेल्या मित्राच्या हाताकडे चार महिने पाहिलं नव्हतं. झाडं मारली याचं त्यांना हसू आलं होतं. याचं आलं नाही. ते तसं बोलूनही दाखवणार होते, पण सर्जननी त्यांना थांबवलं. म्हणाले की तुला दिसू नये म्हणून मी खूप मेहनत घेत होतो, तेव्हा तेवढं श्रेय तरी मला राहू दे. मग आपणहून सांगू लागले की रोज सकाळी आवरून तयार होतो, गाडी काढतो, गावाला एक चक्कर मारून परत येतो. घरात वाटतं की कुठंतरी काम आहे. तुझ्या बागेचं ऐकलं आणि खरं सांगतो, हेवा वाटला.

"कसला हेवा," निजवे म्हणाले. "प्लॅस्टिकचा?"

दुसऱ्या दिवशी दोघं नर्सरीत गेले. निजवेंनी बाईंना सांगितलं की तो मित्र म्हणजे मीच. बाई म्हणाल्या की ते त्यांना त्याच वेळी समजलं होतं. उचललेल्या नऊ झुडपांपैकी आठ त्यांनी परत घेतली. धायटी तेवढी निजवेंनी ठेवून घेतली. पैसे परत देण्याऐवजी बाईंनी काटेकोरांटीची वाळलेली बोंडं कागदात बांधून दिली. पावसाळ्याच्या तोंडावर अडुळशाच्या आणि निर्गुडीच्या काड्या तोडून देईन, त्या जमिनीत खोचा, बिया विखरून टाका आणि तिथून लांब राहा, असं सांगितलं. त्यांनी हे दोघांना नाही, निजवेंकडे बोट करून सांगितलं.

बिया टाकायच्या दिवशी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बोंडं फोडत बसले. एका बोंडात दोनच बिया, चपट्या, नखाएवढ्याही नाहीत. सर्जननी पहिलं बोंड हातात घेतलं. ते निसटलं. दुसरं फुटलं, पण बिया उडून फ्रीजखाली गेल्या. तिसऱ्याला त्यांनी दात आवळले. निजवेंनी आपला तळहात त्यांच्या मनगटाखाली सरकवला. थिएटरात टेबल वर-खाली करायचे तसाच, अंदाजानं, जरा वर उचलला. बोंड फुटलं. दोन बिया बशीत पडल्या. असं त्यांनी तासभर केलं. पत्नी ओट्याशी होत्या; त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि नळ जरा हळू सोडला.

पेरायची वेळ आली तेव्हा निजवे दोरी आणि मोजपट्टी घेऊन निघाले होते. सर्जननी बशी हिसकावून घेतली, मूठभर बिया उचलल्या आणि हात नुसता पुढे धरला. हात थरथरत होता आणि बोटांच्या फटीतून बिया सारख्या अंतरानं जमिनीवर सांडत होत्या. ते आपल्या हाताकडे पाहत राहिले. "अरे, याला तर या कामासाठीच शिकवून तयार केलंय," ते म्हणाले. "मी उगाच कापत बसलो इतकी वर्षं." निजवे हसले नाहीत, कारण सर्जन हसत आहेत की नाही हे त्यांना नक्की ठरवता येईना. मग सर्जन हसले, आणि निजवेही हसले.

पुढचं काम निजवेंच्या दृष्टीनं सर्वांत अवघड होतं : काही न करणं. पत्नीनं पाण्याची नळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि शिडी शेजारी देऊन आल्या. सर्जन आठवड्यातून तीनदा येत. दोघं पायरीवर बसत. निजवेंनी उठायला गुडघ्यावर हात टेकला की सर्जन म्हणत, बस खाली. असे दिवसांमागून दिवस. चुकून कधी निजवे एकटे सापडलेच तर ते चहाच्या कपातलं उरलेलं पाणी तरी एखाद्या काडीला घालून येत आणि मग स्वतःच सर्जनला कबुली देत. सर्जन त्यांना त्या दिवशी चहा मिळू देत नसत.

अडुळशाच्या काड्यांना पानं फुटली. निर्गुडी तर दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या वर गेली. काटेकोरांटी सर्वांत लहरी. जिथं पेरली तिथं एकही उगवली नाही. ती पायवाटेच्या फरशीच्या फटीत उगवली, गटाराच्या कडेला उगवली, एक तर थेट मागच्या पायरीला चिकटून आली, ती जाता-येता निजवेंची पँट धरायची. धायटीनं मात्र कुंडीतून काढून जमिनीत लावताच जवळजवळ सगळी पानं टाकली आणि मग वर्षभर ती तीन पानांवर होती. एकही वाढवलं नाही, एकही टाकलं नाही. निजवे तिच्याबद्दल काही बोलत नसत. बोललो तर ऐकेल आणि मरेल, अशी त्यांना भीती होती.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी निजवे दूध घेऊन आले तर पत्नी मागच्या दाराशी स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसलेल्या. गेली चाळीस वर्षं त्या सकाळी कुणालाच अशा नुसत्या बसलेल्या दिसल्या नव्हत्या. निजवेंनी विचारलं, बरं वाटत नाही का. त्यांनी पायरीच्या कडेला बोट केलं. काटेकोरांटीवर पिवळी फुलं होती. एक नाही, चांगली सहा-सात, पातळ पाकळ्यांची, काट्यांच्या गर्दीतून तोंड बाहेर काढलेली.

"आज फुलली?" निजवेंनी दूध खाली ठेवलं.

"परवाच. काल पहाटे आणखी दोन."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तपासायला गेला असतात. दोन दिवस तरी त्यांना नीट फुलू दे म्हटलं."

निजवेंना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधून पाहिला. मिळाला नाही. ते आत जाऊन सर्जनला फोन करून आले, मग दुसरी खुर्ची आणली आणि ती फुलांपासून किती लांब ठेवू असं पत्नीला विचारलं. त्यांनी जागा दाखवली. ती जरा जास्तच लांब होती, पण निजवे तिथंच बसले.